टर्कीचे गोळे, पिठाचे हात

"तो डबा आधी बाहेर."

"कुठला डबा?"

"बाबा, उगाच वेड पांघरू नका. मिठाच्या बरणीमागे लपवलाय तो."

"लपवला कुठे? उभा आहे बिचारा. पुढे जागा नाही म्हणून मागे उभा आहे."

"पिठाचा आहे."

"होता. आता रिकामा आहे. हे बघ." म्हाताऱ्याने डबा उलटा करून ओट्यावर ठणठण ठोकला. "पडलं काही?"

"ओट्यावर ठोकू नका! आत्ताच पुसलाय मी!"

"काही पडलंच नाही तर पुसल्याचं काय बिघडलं?"

लेकीने कमरेवर हात ठेवले. ती गाडी चालवायला शिकवते. समोरचा शिकाऊ माणूस सिग्नल तोडून ट्रकच्या अंगावर निघाला तरी तिचा आवाज चढत नाही, असं तिचे विद्यार्थी सांगतात. त्यांनी तिला वडिलांच्या स्वयंपाकघरात पाहिलेलं नाही.

"लाटणं पोत्यात गेलं. पोळपाट गेला. लाकडी चमचे गेले, गाळणी गेली, पाव कापायची सुरी गेली. एवढं सगळं मुकाट्याने दिलंत. आणि या डबड्यापाशी अडून बसलात?"

"मुकाट्याने कुठे? लाटण्याच्या वेळी मी चांगला बोललो होतो. घर आवरतेस की जप्ती आणलीस, असं विचारलं होतं."

"बाबा."

"डबडं म्हणू नकोस त्याला. उस्तादांनी दिलेला आहे. फळीवर राहील, हात लावणार नाही. शब्द देतो. झालं?"

 "झालं," ती म्हणाली, आणि ओटा पुन्हा पुसायला घेतला.

हा म्हातारा म्हणजे कोपऱ्यावरच्या बेकरीचा जुना भट्टीवाला. सगळी गल्ली त्याला पाववालेकाका म्हणते. उमेदीची सगळी वर्षं त्या भट्टीसमोर गेली. लोक झोपेत कूस बदलायचे तेव्हा यांचं पीठ मळून तयार असायचं. भुवया कायमच्या पांढऱ्या. केस पिकल्याने की पिठाने, हे त्यांच्या बायकोलाही शेवटपर्यंत उमगलं नाही. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा भट्टी सुटली, पण पायांची सवय सुटली नाही. रोज सकाळी बेकरीत जाऊन स्टुलावर बसायचं आणि नव्या भट्टीवालीच्या चुका काढायच्या, हे त्यांचं निवृत्तिवेतन.

नवी भट्टीवाली त्यांच्याच हाताखाली तयार झालेली, आणि तोंडाने त्यांच्यापेक्षा सवाई. तिचा त्या डब्यावर डोळा होता. डबा साधाच, अॅल्युमिनियमचा. झाकणाला बारीक भोकं, आणि कमरेला एक खोलगट पोचा, अंगठा पडून पडून झालेला. त्यांना झाडू सोडून मळायच्या टेबलाशी उभं राहायची परवानगी मिळाली, त्या दिवशी उस्तादांनी, म्हणजे तेव्हाच्या भट्टीवाल्याने, तो हातात ठेवला होता. कणकेला हात लावायच्या आधी डबा उचलायचा, तळव्यावर झटकायचा, पीठ चोळायचं आणि मग गोळा घ्यायचा. तेव्हापासून तसंच.

"काका, द्या की तो डबा. घरी काय शोभेला ठेवलाय?"

"मी गेल्यावर घे."

"म्हणजे अजून किती वाट बघायची, तेवढं तरी सांगा."

असं त्यांचं रोजचं चालायचं.

आणि अशा माणसाच्या नातीला, मुंगीला, गहू चालेना.

मुंगी हे तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी साखरेचा डबा जिथे असेल तिथे ती सापडायची, म्हणून आजोबांनी ठेवलेलं. मागच्या वर्षी तिचं पोट सारखं दुखायला लागलं, वजन वाढेना, शाळेतून बोलावणी येऊ लागली. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी सांगितलं की गव्हात जे ग्लुटेन असतं ते हिच्या आतड्याला सोसत नाही. थोडं कमी करून भागणार नाही, अजिबात नको. पाव नको, बिस्किट नको, आणि पावाच्या सुरीने कापलेलं सफरचंदसुद्धा नको.

आजोबांनी हे ऐकून घेतलं. पण मनात घेतलं नाही. आयुष्यभर ज्या पिठाने घर चाललं, ते पीठ नातीच्या अंगावर उठतं हे त्यांना एखाद्या चहाडीसारखं वाटलं. थंडीत त्यांनी तिच्यासाठी तांदळाच्या पिठाचा केक केला. गव्हाचा कण घातला नाही. फक्त तो नेहमीच्या भांड्यात भाजला आणि नेहमीच्या सुरीने कापला. पोर पुढचे कितीतरी दिवस पोट धरून पडली होती.

लेकीने भांड्याचं माफ केलं असतं. सुरीचंही केलं असतं. पण तेव्हा बाबा एक वाक्य बोलले होते, "चिमूटभराने काय होतंय?" ते तिच्या डोक्यातून जाईना.

त्याआधी मुंगीचे शनिवार आजोबांकडे असायचे. जावयाची नोकरी परगावी, आणि शनिवारी शिकाऊ लोकांची झुंबड, तेव्हा सकाळी पोरीला बाबांकडे सोडायचं आणि संध्याकाळी न्यायचं असा शिरस्ता होता. केकनंतर तो मोडला. आता मुंगी शनिवारभर गाडी शिकवण्याच्या ऑफिसात बसायची. मागच्या खोलीत, रस्त्याच्या खुणांच्या तक्त्याखाली, आपला डबा आणि रंगपेटी घेऊन. एकदा आजोबा काचेतून तिला बघून आले. 'वळू नये'च्या खुणेला ती मिशा काढत होती. आत न जाताच ते परत फिरले, आणि त्या दिवशी बेकरीत त्यांनी कुणाचीही चूक काढली नाही.

म्हणून आजचा हा रविवार. त्यांनीच मागून घेतलेला. "एकदा माझ्या हातचं खाऊ दे तिला. तू समोर उभी राहा. नाही जमलं तर शनिवारचं नाव काढणार नाही."

"काय करणार?"

"तिचे गोळे."

मुंगीचे गोळे म्हणजे टर्कीचे मीटबॉल, टोमॅटोच्या रश्शात बुडवलेले. टर्कीच का, तर शाळेच्या पुस्तकात तिने त्या पक्ष्याचं चित्र पाहिलं आणि घरी येऊन जाहीर केलं, "आजोबा, हिची मान अगदी तुझ्यासारखी आहे." तेव्हापासून दुसरं मांस ती ताटात घेईना. आजोबांचे गोळे मऊ म्हणजे इतके मऊ की चमच्याच्या धाकाने फुटावेत. त्याचं कारण सगळ्यांना माहीत होतं. आदल्या दिवशीचा पाव दुधात भिजवून, पिळून, खिम्यात मिसळलेला असायचा.

आता पाव नाही म्हटल्यावर गोळा कुणाच्या जिवावर धरणार? आठवडाभर म्हाताऱ्याने एकट्याने झटापट केली. उकडलेला बटाटा घालून पाहिला, तर गोळे रश्शात गेल्या गेल्या विरघळले. नुसतं अंडं घालून पाहिलं, तर एक गोळा ओट्यावरून पडला आणि टप्पा खाऊन परत वर आला, असं ते सांगत होते. शेवटी जमलं ते मऊ शिजवून मळलेल्या भाताने. अंडं, किसून पिळलेला कांदा, लसूण, कोथिंबीर, मिरपूड, थोडं तेल. टर्कीच्या मांडीचा खिमा, कारण छातीचा कोरडा पडतो.

"खिमा कुठून आणलात?" आता लेकीने विचारलं.

"नेहमीच्या खाटकाकडून."

"त्याच्या मशीनमधून सॉसेजचं मांस जातं. त्यात तो पावाचा चुरा घालतो."

"म्हणून तर दुकान उघडायच्या आधी दारात जाऊन बसलो. मशीन उघडायला लावलं, माझ्यासमोर धुवायला लावलं, आणि दिवसातला पहिला खिमा आपला काढून घेतला. म्हणाला, 'काका, आज गिऱ्हाईक म्हणून आलात की इन्स्पेक्टर म्हणून?' मी म्हटलं, आजोबा म्हणून आलोय, नीट घास."

लेकीला हसू आलं. ते लपवायला तिने फ्रीज उघडला. आत आणखी एक वाडगा झाकलेला होता.

"हे काय?"

"दुसऱ्या घाण्याचा खिमा. पहिला फसला तर. मी आता शहाणा झालोय."

बाहेरच्या खोलीत मुंगी टेबल मांडत होती. काटे, चमचे, ग्लास, सगळं तिने घरून आणलेलं, आणि प्रत्येक वस्तू ठेवताना ती स्वतःशी गुणगुणत होती. आजोबा बेकरीत आज गेले नव्हते. अंगावर कोरा सदरा, कोरा एप्रन. तव्यापासून ट्रेपर्यंत सगळी भांडी लेकीची.

खिमा कालवून झाला. तेवढ्यात लेकीचा फोन वाजला. उद्या परीक्षा असलेली एक शिकाऊ बाई रडत होती.

"मी गॅलरीत आहे. बाबा, हात धुतलेत ना?"

"दोनदा."

"कणकेसारखं मळू नका. नुसतं वळा."

"मास्तरीणबाई, गोळे मी तुमच्या जन्माआधीपासून वळतोय. जा, रडतेय ती."

लेक गॅलरीत गेली. "नाही, नाही, क्लच हळू सोडायचा, रागाने नाही..." असा तिचा आवाज येत राहिला.

टर्कीचा खिमा भलता चिकट. पण एकदा हात चालायला लागल्यावर म्हाताऱ्याला भान राहिलं नाही. एक गोळा, त्याच्या शेजारी दुसरा, सगळे एका मापाचे, ट्रेमध्ये ओळीने. बेकरीत पहाटे जो सूर लागायचा तो आज कितीतरी दिवसांनी लागला. खांदे सैल झाले. ट्रे भरत आला. शेवटचा गोळा ठेवून ते मागे सरले, मान कलती करून आपलं काम बघू लागले.

आणि उजव्या कोपराशी त्यांना तो डबा दिसला. फळीवर नव्हता. ओट्यावर होता.

त्यांनी तळवे उलटे केले. रेषांमधून पांढुरकी झाक होती. रिकाम्या डब्यातून, झाकणाच्या भोकांतून, पत्र्याच्या दुमडीतून, जे काय वर्षानुवर्षं अडकून राहिलं होतं ते.

कधी उचलला? किती वेळा? काही आठवेना. श्वास घेतलेला कुठे आठवतो?

गॅलरीतून आवाज येत होता, "शाब्बास, आता रडू नका." मुंगी ग्लासावर चमचा वाजवून बघत होती. कुणी पाहिलं नव्हतं. डबा जागेवर ठेवायचा, हात धुवायचे, ट्रे ओव्हनमध्ये सरकवायचा, एवढंच. रिकामाच तर होता. असून असून किती असेल? चिमूटभर. चिमटीतलाही...

ते वाक्य जिभेवर आलं तसं त्यांनी तोंड मिटलं.

"मास्तरीणबाई!" त्यांनी हाक मारली. "इकडे या जरा."

लेक फोन ठेवत आत आली. ट्रेकडे बघून तिचा चेहरा उजळला. "अरे वा! बाबा, केवढे एकसारखे! मला वाटलं होतं भाताचे म्हणजे..."

"फेकून द्यायचेत."

"काय?"

"सगळे. कालवायचा वाडगा आणि ट्रेसुद्धा घासायला टाक."

"का पण?"

त्यांनी हात पुढे केले. तिने तळवे पाहिले, मग डबा पाहिला.

"मी सांगत होते!" आता मात्र आवाज चढला. "पहिलं वाक्य तेच होतं माझं! डबा बाहेर! तुम्ही शब्द दिला होतात, हात लावणार नाही म्हणून!"

"दिला होता."

"मग?"

"मी नाही लावला. हातानेच घेतला तो. मला विचारलंही नाही त्याने."

"छान! म्हणजे तुम्ही साधू आणि हात चोर!"

"तसं नाही म्हणत मी. चिमूटभर का होईना, गेलं असणार. तू हे गोळे फेक."

लेक थांबली. चिमूटभर हा शब्द त्यांच्या तोंडून तिने ऐकला होता, पण असा नाही.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही बोलला नसतात तर मला कळलंही नसतं."

"तिच्या पोटाला कळलं असतं."

त्यांनी ट्रे उचलला, कचऱ्याकडे न्यायला. गुडघा लचकला, ट्रे कलंडला, गोळे एका बाजूला घसरले. पडले नाहीत. पण लेकीचा उजवा पाय फरशीवर दाणकन आपटला.

दोघंही खाली बघू लागले.

"हे काय केलंस?" म्हाताऱ्याने विचारलं.

"कुठे काय?"

"पाय दाबलास. ब्रेक आहे का इथे?"

"आई टीव्ही बघतानासुद्धा दाबते," दारातून मुंगी म्हणाली. गडबड ऐकून ती कधीची येऊन उभी होती. "त्यातला माणूस गच्चीच्या कडेला गेला ना, की दाबते. झोपेत पण दाबते. मला लाथ बसते."

"तू गप गं."

"खरं आहे!"

लेकीच्या तोंडाचा कोपरा हलला, मग दुसरा हलला, आणि ती ओट्याला टेकून जी हसत सुटली ती डोळे पुसायला लागेपर्यंत. म्हातारा मात्र हसला नाही. ट्रे कचऱ्यात रिकामा करून ते स्टुलावर बसले.

"ने तिला घरी," ते म्हणाले. "शनिवारचं राहू दे. तुझ्या जागी मी असतो तर मीही ठेवली नसती. आज दिसलं म्हणून सांगितलं. उद्या नाही दिसलं तर?"

"आणि मी जेवू काय?" मुंगीने विचारलं. "मी टेबल मांडलंय. मला भूक लागलीय. फ्रीजमध्ये अजून आहे, मी बघितलंय."

लेकीने बाबांकडे पाहिलं. स्टुलावर बसलेला हा माणूस तिला एकदम तिच्या एखाद्या शिकाऊ विद्यार्थ्यासारखा दिसला असावा, गाडी बंद पडल्यावर किल्लीकडे बघत बसलेला.

"उठा," ती म्हणाली.

"अगं पण हाताचं..."

"उठा हो. मी काय शिकवते लोकांना? हात गिअरवर जाणारच. जाऊ नको म्हटलं तर जास्त जातो. तो कुठे पडतो तेवढं बघायचं." तिने डबा फडक्यात धरून नेला आणि दाराबाहेर चपलांच्या मांडणीवर ठेवला. ओटा धुतला, हात धुतले, बाबांना तिसऱ्यांदा धुवायला लावले, एप्रन बदलायला लावला. मग आपल्या सामानातला एक स्वच्छ वाडगा पाण्याने भरून उजव्या बाजूला, नेमका डब्याच्या जागी ठेवला. "आता वळा."

दुसरा खिमा कालवला. पहिला गोळा घ्यायच्या आधी हात उजवीकडे गेला आणि पाण्यात बुडाला.

"अरेच्या!"

मुंगी खिदळली.

दुसऱ्या वेळी पुन्हा गेला, पुन्हा बुडाला. "अरे हो!" तिसऱ्या वेळी मुंगीने आधीच ओरडून सांगितलं, "बुडाला!" मग तिचा खेळच झाला. हात वळला की ती दबक्या आवाजात "आला, आला," म्हणायची आणि पाण्यात पडला की टाळी. आणि गंमत म्हणजे ओल्या तळव्याला तो चिकट खिमा चिकटेचना. गोळे पिठाच्या हाताने वळत होते त्याहून गुळगुळीत उतरू लागले.

"बेकरीत कुणाला सांगू नकोस," म्हातारा पुटपुटला. "पाण्याने वळतो म्हणून हसतील मला."

गोळे नव्या कागदावर भाजले गेले, मग टोमॅटोच्या रश्शात जाऊन पडले. खोलीभर लसणाचा वास पसरला. तिघं टेबलाशी बसली. मुंगीने पहिला गोळा चमच्याने नुसता दाबला. तो फुटला. तिने आजोबांकडे पाहिलं, मोठ्या माणसासारखी मान डोलावली, आणि मग ताट रिकामं होईपर्यंत कुणाशी बोलली नाही.

लेक जेवत कमी होती आणि पोरीकडे बघत जास्त होती.

"आज काही कळायचं नाही," आजोबा हळूच म्हणाले. "उद्यापरवा कळेल."

"माहीत आहे मला."

"तिचं पोट दुखलं तर लगेच फोन कर. लपवू नकोस."

"नाही लपवत." तिने रश्शात भात कालवला. मग ताटाकडे बघतच म्हणाली, "शनिवारी माझा पहिला शिकाऊ लवकर आहे."

"बरं."

"बरं काय? त्याच्या आधी सोडावं लागेल हिला. उठलेले असाल ना?"

म्हाताऱ्याचा घास हातातच राहिला.

"पोट ठीक राहिलं तर," ती घाईने म्हणाली. "आणि लाटणं पोत्यातून बाहेर काढायचं नाही. आणि बेकरीतून आलात की आधी कपडे बदलायचे, मग पोरीला जवळ घ्यायचं. आणि..."

"आणि पाण्याचा वाडगा," मुंगी म्हणाली.

"आणि पाण्याचा वाडगा."

जेवणं झाली. भांडी लेकीनेच घासली. जाताना चपला घालायला ती दाराशी गेली, तो मांडणीवर तो डबा दिसला. संध्याकाळच्या उजेडात त्याच्या कमरेचा पोचा नीट दिसत होता. तिने डबा उचलला, आपला अंगठा त्या पोच्यात ठेवून पाहिला. बसला नाही, तिचा अंगठा लहान होता.

"बाबा," ती आत येत म्हणाली, "मी काय म्हणते, राहू दे हा. उकळत्या पाण्यात टाकू, झाकणाची भोकं ब्रशने साफ करू. हवं तर तांदळाचं पीठ भरून ठेवा. उस्तादांची आठवण आहे. मी रागाच्या भरात बोलले होते."

म्हाताऱ्याने हात पुसले. तिच्या हातातून डबा घेतला, एकदा कानाशी हलवून पाहिला. मग खुंटीवरचा कोट काढला.

"कुठे निघालात?"

ते दाराशी बसून बूट चढवू लागले. गुडघा कुरकुरला.

"बाबा, अहो, बेकरी बंद व्हायची वेळ झाली आता. तुमची भट्टीवाली शटर ओढत असेल. उद्या जा ना. आणि राहू दे म्हणतेय ना मी!"

"आजोबा," मुंगीने टेबलावरून ओरडून विचारलं, "उरलेला गोळा मी खाऊ का तुला ठेवू?"

डबा काखेत धरून, कठड्याला हात लावत, एकेक पायरी जोखत ते जिना उतरू लागले.